घंटा वाजली की लेनॉक्स येतो

टांटी इसिल्माच्या मुलाला न्यूयॉर्कहून घरी बोलावू शकेल असा आमच्या बेटावर एकच माणूस होता, तो म्हणजे पंतप्रधान. मी चेष्टा करत नाही. लेनॉक्स विशीत ब्रुकलिनला गेला तो तिकडचाच झाला. गोदामात नोकरी, लग्न, पोरं, सगळं तिकडेच. आईला पैसे वेळेवर पाठवायचा. नाताळच्या आधी तांदूळ, साबण, चादरी ठासून भरलेलं पिंप बोटीनं पाठवायचा. स्वतः मात्र निवडणूक लागली तरच यायचा, कारण तेव्हा विमानाचं तिकीट पक्ष काढायचा.

यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमची निम्मी माणसं बाहेर आहेत आणि त्यांची नावं इथल्या मतदारयादीत आहेत. दोन्ही पक्ष विमानं भरून आपापली माणसं आणतात. ती गातच उतरतात, मत देतात, बोटाला शाई लावून घेतात, दोन-चार दिवस आईच्या हातचं खातात आणि परत जातात. लेनॉक्सही तसाच यायचा आणि तसाच जायचा.

मी बेसिल. टांटीच्या घरासमोर माझं रमचं दुकान आहे. दोन्ही पक्षांवर माझा सारखाच राग आहे, कारण मतदानाच्या दिवशी कायद्यानं दुकान बंद ठेवावं लागतं आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या अख्ख्या फाँ मांगो गावाला तहान लागते.

टांटी, म्हणजे आमच्या बोलीत मावशी, उंच, हाडापेरानं मजबूत. केळी धुऊन खोक्यांत भरायच्या शेडमध्ये तिनं उभी हयात काढली, आणि तिथल्या गोंगाटातून हाका मारायची सवय लागल्यामुळे साधं ‘मीठ आहे का’ विचारलं तरी ते खाली नदीवर ऐकू जायचं. तरुणपणीच नवरा गेला. त्याच वर्षी वादळात छप्पर उडालं, तेव्हा नारिंगी पक्षाचा त्या वेळचा पुढारी स्वतः चिखलातून चढून आला आणि पत्रे देऊन गेला. झालं. त्या दिवसापासून टांटी नारिंगी. घराचा व्हरांडा नारिंगी, दारं नारिंगी, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा नारिंगी. डोक्याला बांधायचा रुमाल दुसऱ्या रंगाचा मी कधी पाहिला नाही. रविवारी मिस्सा आटोपून ती चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून जे बोलायची, टेकडीवरची माणसं तसंच मत द्यायची. निळ्या पक्षाचे लोक आमच्या टेकडीवर प्रचाराला यायचे ते केवळ माझ्याकडची तळलेली मासळी खायला.

आता तारखेचं सांगतो. मी दुकान टाकण्याआधी केळ्यांच्या बोटीवर खलाशी होतो, त्यामुळे मला इकडच्या-तिकडच्या चार गोष्टी ठाऊक आहेत. कोस्टारिकात फेब्रुवारीचा पहिला रविवार. पनामात मे महिन्याचा पहिला रविवार. तिथल्या धक्क्यावरच्या हमालाला विचारलं तर तो पुढच्या निवडणुकीचीच काय, त्याच्या पुढचीही तारीख सांगेल. अमेरिकेत नोव्हेंबरातला मंगळवार, मग लढाई असो नाहीतर वादळ असो. आमच्याकडून इंग्रज गेले, पण त्यांची ही खोड मागे ठेवून गेले. पाच वर्षांच्या आत, पंतप्रधानाला वाटेल तेव्हा. त्याच्या बायकोला तारीख माहीत नसते, मंत्र्यांना माहीत नसते. ‘तारीख माझ्या खिशात आहे,’ असं म्हणून तो खिशावर थाप मारतो आणि सभा टाळ्या वाजवते. मग एका संध्याकाळी व्यासपीठावर तो हातातली पितळी घंटा हलवतो, तारीख सांगतो, आणि तीन-चार आठवड्यांत मतदान.

तोवर आम्ही बसून अंदाज बांधायचे. रस्त्याच्या कडेचे दगड रंगवायला घेतले की निवडणूक आली. दवाखान्यात अचानक औषधं मिळू लागली की आली. कार्निव्हलच्या आधी घेणार नाही, लोक नाचायच्या नादात असतात. शाळेच्या परीक्षांत घेणार नाही, मतदान शाळेतच असतं. एका वर्षी पंतप्रधानानं दाढी काढली तेव्हा माझ्या दुकानात पैजा लागल्या होत्या. या सगळ्या खेळात टांटी सगळ्यांत पुढे असायची. ती उंबऱ्यावरून ओरडायची, ‘बेसिल, आज डांबराची गाडी गेली बघ वर.’

मी म्हणायचो, ‘गेली, पण परत आली, टांटी. रस्ता चुकली होती.’

‘तुझ्या तोंडाला औषध नाही,’ असं म्हणून ती आत जायची, आणि तरी त्या संध्याकाळी लेनॉक्सची खोली झाडायची.

त्या खेपेला तिचं खेळात लक्ष नव्हतं, ती खरोखरच घायकुतीला आली होती. साखरेनं तिच्या एका डोळ्याचं वाटोळं केलं होतं. शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं की गेला तो गेला, दुसराही हळूहळू जाईल, किती दिवसांत ते सांगता येणार नाही. मीच तिला तिथे घेऊन गेलो होतो, म्हणून मला कळलं. परत येताना मिनीबसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

‘मला लेनॉक्सचा चेहरा एकदा नीट बघायचाय,’ ती म्हणाली. ‘गेल्या खेपेला त्याच्या दाढीत पांढरे केस होते का रे? मला आठवत नाही.’

‘मग कळव ना त्याला. येईल.’

‘काय कळवू? डोळे चालले म्हणून? त्याच्या मागे काय कमी आहे? तिथली थंडी, नोकरी, पोरं. मी कुणाच्या गळ्यातलं लोढणं झालेली नाही अजून. घंटा वाजली की येतोच आहे तो.’

‘आणि पंतप्रधानानं वर्षभर नाही वाजवली तर?’

‘वाजवेल. मी सेंट अँथनीला मेणबत्त्या लावल्यात.’

मला तिचा राग आला. पोटच्या पोराला ‘ये’ म्हणायची लाज वाटते आणि निवडणूक लावण्यासाठी संताला साकडं घालायला वाटत नाही. पण तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

घंटा वाजली ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला. आम्ही दुकानात रेडिओभोवती बसलो होतो. पंतप्रधान, तोही नारिंगींचाच, तासभर बोलला, त्याचा आवाज बसला, आणि मग घंटेचा आवाज आला. टांटी उभी राहिली आणि तिनं सगळ्यांना माझ्या खर्चानं एकेक पेला पाजला. दुसऱ्या दिवसापासून खोलीला चुना, गादीला ऊन, नाताळच्या केकसाठी मनुका रममध्ये भिजत. रम अर्थात माझीच.

चौथ्या दिवशी कॉम्रेड एग्बर्ट आला. हा नारिंगी पक्षाचा आमच्या मतदारसंघातला माणूस. गोल चेहरा, बगलेत कायम एक फाइल, आणि बोलताना समोरच्याचा हात हातात घेऊन बसायची सवय. त्यानं टांटीचा हात हातात घेतला तेव्हाच मी ओळखलं की बातमी वाईट आहे.

‘टांटी, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून पक्ष आहे,’ तो म्हणाला. ‘पण या खेपेला विमानं फक्त डळमळीत जागांसाठी आहेत. तुमच्या टेकडीची मतं म्हणजे आमच्या पेटीत पडल्यासारखीच. तुमच्या मुलाला आणून मत एकच वाढणार. ते तिकीट खाली बंदरावरच्या जागेला दिलं तर तिथे कामाला येईल.’

‘म्हणजे लेनॉक्स येणार नाही?’

‘पुढच्या वेळी नक्की. मी स्वतः नाव लिहून ठेवतो.’

तिनं त्याला कोकोचा चहा दिला, भाजलेला नीरफणस दिला, वाटेसाठी केळी दिली. तो गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि काउंटरवर हात ठेवून उभी राहिली.

‘चाळीस वर्षं मी त्यांची पाठराखण केली, बेसिल. म्हणून त्यांना माझी गरज नाही.’

मला तेव्हा खरंच वाईट वाटलं. मी तिला म्हणालो, आत्ताच्या आत्ता ब्रुकलिनला फोन लाव. तिनं नकारार्थी मान हलवली आणि विचारलं, ‘तुझ्याकडे ती निळी ताडपत्री होती ती अजून आहे का?’

दुसऱ्या दिवशी सकाळी फाँ मांगोनं जे पाहिलं ते आजही लोक सांगतात. टांटी इसिल्माच्या नारिंगी व्हरांड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी ताडपत्री लटकत होती. खाली टांटी खुर्ची टाकून मटार सोलत बसली होती, आणि डोक्याला निळा रुमाल होता. मिनीबसच्या चालकानं गाडी रस्त्यातच थांबवली. आतल्या बायका खिडक्यांतून डोकी बाहेर काढून बघत होत्या.

‘टांटी, बरं आहे ना घरी?’ एकीनं विचारलं.

‘उत्तम,’ टांटी म्हणाली. ‘जरा बदल हवा होता.’

दुपारच्या आत एग्बर्ट धापा टाकत हजर. या वेळी हात हातात घ्यायचं त्याला सुचलं नाही.

‘हे काय, टांटी? लोक काय म्हणतील?’

‘लोकांना मी काही सांगितलेलं नाही. माझं अजून ठरायचं आहे.’

‘अहो, पण मतदान तोंडावर आलंय. कधी ठरणार?’

‘ते माझ्या खिशात आहे, कॉम्रेड,’ असं म्हणून तिनं एप्रनवर थाप मारली.

मी दुकानात तोंडावर फडकं धरून हसलो. एग्बर्टनं मला पाहिलं आणि आजतागायत माफ केलेलं नाही. त्यानं पक्षाच्या कचेरीत काय सांगितलं मला माहीत नाही, पण तीन दिवसांत लेनॉक्सचा ब्रुकलिनहून फोन आला की पक्षानं तिकीट पाठवलंय, मतदानाच्या आदल्या दिवशी पोचतो. टेकडीवरच्या आणखी चार-पाच जणींच्या मुलांनाही तिकिटं आली. त्या बायका टांटीच्या पाया पडायच्याच काय त्या बाकी होत्या.

ताडपत्री मात्र तिनं काढली नाही. ‘विमानात बसेपर्यंत राहू दे,’ म्हणाली. या एग्बर्टचा काही भरवसा नाही, असं तिचं म्हणणं. आणि इथे तिनं घोटाळा केला. एग्बर्टला दाखवायला लावलेली ताडपत्री टेकडी रोज येता-जाता बघत होती. टांटीनं रंग बदलला म्हणजे काहीतरी असणार, असं लोक आपसांत बोलू लागले. पत्रे कधी बदलून देणार होते? दवाखान्याचा रस्ता कुठे झाला? जे चाळीस वर्षांत कुणी मोठ्यानं विचारलं नव्हतं, ते माझ्या दुकानात रोज विचारलं जाऊ लागलं. टांटीला मी सावध केलं. ती म्हणाली, ‘रविवारी सांगते सगळ्यांना.’ पण त्या रविवारी पाऊस कोसळला, नदीवरचा पूल पाण्याखाली गेला आणि फादर वर येऊच शकले नाहीत. मिस्सा नाही, म्हणून पायऱ्याही नाहीत. पुढच्या रविवारपर्यंत मतदान उरकलेलं होतं.

लेनॉक्स आला. दाढीत पांढरे केस होते, चांगले मूठभर. टांटीनं त्याला अंगणात उन्हात उभं केलं, हनुवटीला धरून तोंड इकडून तिकडे वळवलं आणि म्हणाली, ‘तू तुझ्या बापासारखा दिसायला लागलास. खायला देत नाहीत का तिकडे?’ तो हसला. डोळ्यांबद्दल ती त्याला एक अक्षर बोलली नाही, आणि मलाही तिनं जीभ आवरायची शपथ घातली. मतदानाला दोघं बरोबर गेली. तिनं नारिंगीलाच मत दिलं. लेनॉक्सनं कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तो परत गेला.

नारिंगी आमच्या जागेवर हरले. थोड्याच मतांनी, पण हरले. आणि देशभरात त्यांना एकच जागा कमी पडली. म्हणजे सरकार आमच्या टेकडीवर पडलं. टांटी दोन दिवस घराबाहेर आली नाही. मी ताडपत्री परत आणायला गेलो तर ती तिनं आधीच घडी करून, वर दगड ठेवून बाहेर ठेवली होती.

निळ्यांनी आल्या आल्या सांगितलं की आता हा खिशाचा खेळ बंद. दर पाच वर्षांनी ठरल्या महिन्यात, ठरल्या सोमवारी मतदान, तसा कायदाच करणार. मला ही कल्पना एकदम पसंत पडली. निदान रमची मागणी कधी टाकायची ते मला कळलं असतं. कायद्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला शहरातून दोन वकील आले, शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. एकूणएक सगळे ठरलेल्या तारखेच्या बाजूनं बोलले. मीही पनामाचं उदाहरण देऊन छान बोललो. शेवटी टांटी उठली. तोवर तिला काठी लागत होती.

‘तारीख बांधू नका,’ ती म्हणाली.

वकीलबाई मोठ्या अदबीनं म्हणाल्या, ‘आजी, अहो, यात तुमचाच फायदा आहे. सरकारला मनमानी करता येणार नाही.’

‘ते असेल. पण तारीख माहीत नसली की माणूस वाट बघू शकतो. कधीही वाजेल, या आठवड्यात वाजेल. तुम्ही पाच वर्षं म्हणून भिंतीवर लिहिलंत की मग वाट बघायला काय उरलं?’

काही जण हसले. एग्बर्टही मागे बसून हसला, कारण त्याला वाटलं ती नारिंगींच्या बाजूनं बोलतेय. मला हसू आलं नाही. ती लेनॉक्सची वाट बघण्याबद्दल बोलतेय, हा प्रकाश तोवर माझ्याही डोक्यात पडला नव्हता. मी तिच्या शेजारी बसून पनामाच्या गप्पा मारल्या होत्या.

कायदा झाला. तारीख छापून आली, रेडिओवर गाणंसुद्धा आलं. त्या शनिवारी लेनॉक्सचा फोन आला तेव्हा टांटी माझ्या दुकानातच होती. हल्ली तिला फोनची बटणं दिसत नसत, म्हणून मीच फोन घेऊन किंवा लावून द्यायचो. फोनचा आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

‘मा, बरं झालं बघ,’ तो म्हणत होता. ‘आता मला तारीख माहीत आहे. रजा आधीच मागून ठेवतो. या खेपेला चांगला आठवडाभर राहीन.’

‘हो का? बरं, बरं,’ टांटी म्हणाली. इकडचं-तिकडचं बोलली, सुनेची चौकशी केली आणि फोन माझ्याकडे दिला. मग बाकावर बसून राहिली. गिऱ्हाइकं आली, गेली. मी मुद्दाम पेले धूत राहिलो. बोललो असतो तर भांडलोच असतो.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, ‘बेसिल, काउंटरवर काय ठेवलंयस?’

‘पावाची टोपली.’

‘मला नाही दिसत.’ टोपली तिच्यापासून हातभर अंतरावर होती. ‘फोन लाव त्याला परत.’

मी लावला. लेनॉक्सनं घाबरूनच उचलला. ‘काय झालं, मा?’

‘काही झालं नाही. इकडे निवडणूक नाही, मयत नाही, काही नाही. माझे डोळे चाललेत. एक गेला, दुसरा चाललाय. तू ये.’

तो हळूच म्हणाला, ‘मा, मी घर सोडल्यापासून तू मला एकदासुद्धा ये म्हणाली नाहीस.’

‘नाही म्हणाले,’ टांटी म्हणाली.

‘मला वाटायचं, तुला एकटीनं राहायची सवय झालीय. मी आलो की तुझं उगाच काम वाढतं.’

‘मूर्ख आहेस,’ टांटी म्हणाली, आणि एप्रननं नाक पुसलं.

‘कधी येऊ?’

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती माझ्याकडे वळली, खरं तर मी होतो त्याच्या जरा बाजूलाच, आणि मी मान हलवली की मला विचारू नकोस, तूच सांग. पण ते तिला दिसलं नसणार.

‘उद्या ये,’ ती म्हणाली.

उद्याचं काही जमलं नाही. लेनॉक्स पुढच्या शुक्रवारी आला, आणि तिन्ही पोरांना घेऊन आला. पक्षाचं तिकीट मत असणाऱ्यालाच मिळतं, त्यामुळे तोवर ती पोरं टांटीनं फक्त फोटोत पाहिली होती.